डिझाईनमधला 'सरासरी माणूस' नक्की कोण असतो?

सामाजिक समन्याय आणि शाश्वतता, म्हणजे सोशल इक्विटी आणि सस्टेनेबिलिटी, ही जोडी इंजिनिअरिंगच्या रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा शेवटच्या पानावर सापडते. आधी सगळं डिझाईन होतं, कॅल्क्युलेशन होतं, ड्रॉइंग्ज फायनल होतात, मग कोणाला तरी आठवतं की अरे ते समाजाचं आणि पर्यावरणाचं काहीतरी लिहायचं राहिलंय, की लगेच चार ओळी, एका झाडाचा फोटो, झालं काम. माझं म्हणणं असं की तोपर्यंत उशीर झालेला असतो. कोणाला फायदा होणार आणि कोणाच्या डोक्याला ताप होणार हे पहिल्या पानावरच ठरून गेलेलं असतं, आकड्यांमध्ये. वापरणारा माणूस केवढा धरला, फायदा कशात मोजला, किती वर्षांपुढचं नुकसान हिशोबात घेतलं, हिशोबाची हद्द कुठे आखली. हे आकडे कोणी वाईट हेतूने टाकत नाही, ते मागच्या प्रोजेक्टच्या एक्सेलमधून कॉपी होऊन येतात आणि म्हणूनच कोणाच्या नजरेत भरत नाहीत.

पहिला आकडा माणसाचाच घेऊ. गाडी आदळवून टेस्ट करतात तेव्हा आत बसवलेला पुतळा, म्हणजे डमी, व्हिडिओत बघितला असेल. जगात सगळ्यात जास्त वापरला गेलेला डमी म्हणजे १९७० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेला हायब्रिड थ्री, उंची साधारण १७५ सेंटीमीटर, वजन ७८ किलो, थोडक्यात त्या काळचा सरासरी अमेरिकन पुरुष. बाईचा डमी पण होता, नाही असं नाही, पण तो साधारण १५० सेंटीमीटर आणि ४९ किलोचा, अगदी लहानखुऱ्या बाईचा, आणि बराचसा पुरुषाचाच डमी छोटा करून बनवलेला. मधल्या बांध्याच्या बाईसाठी कितीतरी वर्षं काही नव्हतंच. आता बायकांची मान, खांदे, कमरेची हाडं यांची ठेवण वेगळी, उंची कमी म्हणून सीट स्टिअरिंगच्या जवळ घेऊन बसायची सवय, मग पट्टा आणि एअरबॅग ज्या शरीरावर बेतले ते शरीर आणि गाडीत बसलेलं शरीर यात फरक पडणारच की. २०११ साली अमेरिकेत व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी अपघातांची माहिती तपासली तेव्हा पट्टा लावलेल्या बाई ड्रायव्हरला गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातल्या पुरुषापेक्षा ४७ टक्के जास्त निघाली. पुढे इतरांनी दाखवलं की यातला बराच भाग बायका छोट्या आणि हलक्या गाड्या चालवतात यामुळे पण आहे, आणि ते मान्य करायला हवं, पण तो भाग बाजूला काढल्यावरही पायांच्या दुखापतीतला फरक उरलाच. २०२२ मध्ये स्वीडनच्या अॅस्ट्रिड लिंडर यांच्या टीमने सरासरी बाईच्या बांध्याचा डमी पुढे आणला, १६२ सेंटीमीटर, ६२ किलो. एवढी साधी गोष्ट आणि तिला इतकी वर्षं लागली.

दुसरं उदाहरण कोविडनंतर सगळ्यांच्या ओळखीचं झालेलं, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मूळ कल्पना मांडली आणि कल्पना खरंच भारी आहे, बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडायचे, रक्त कुठला किती शोषतं त्या प्रमाणावरून ऑक्सिजन काढायचा, सुई नाही काही नाही. गोची अशी की त्वचेला रंग देणारं मेलॅनिन पण प्रकाश शोषतं, आणि यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे जुळवून घेणं, ज्या लोकांवर झालं त्यात गडद त्वचेचे लोक कमी. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंट्सवरचा अभ्यास आला, त्यात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाल्याचं प्रमाण गोऱ्या पेशंट्समध्ये ३.६ टक्के होतं आणि कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के. म्हणजे जवळपास तिप्पट वेळा यंत्राने 'सगळं ठीक आहे' असं सांगितलं आणि ठीक नव्हतं. ज्या दिवसांत अॅडमिट करायचं की घरी पाठवायचं हे त्या एका आकड्यावर ठरत होतं त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. यात यंत्र बनवणाऱ्याने कोणाशी भेदभाव केला असं म्हणता येणार नाही, सरासरी काढताना कोण रांगेत नव्हतं एवढंच बघायचं राहिलं.

मग समन्याय म्हणजे सगळ्यांना सारखं देणं का? नाही, सारखा जिना सगळ्यांना दिला तर व्हीलचेअरवाल्याला काहीच मिळालं नाही. प्रत्येकाला त्या सोयीचा खरा उपयोग करता यावा, आणि तिचा त्रास नेहमी त्याच त्या लोकांच्या माथी पडू नये, एवढंच. शाश्वततेची संयुक्त राष्ट्रांच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली व्याख्या पण त्याच सुरातली आहे, आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची त्यांच्या गरजा भागवायची ताकद काढून घ्यायची नाही. नीट बघितलं तर शाश्वतता म्हणजे अजून जन्माला न आलेल्या लोकांशी समन्याय, ते मीटिंगला येऊ शकत नाहीत म्हणून त्यांच्या वतीने आधी विचार करायचा.

आता जरा रमून सांगावी अशी गोष्ट, प्लेपंपची. दक्षिण आफ्रिकेत एक कल्पना निघाली: मुलांचं गोल फिरायचं चक्र आणि बोअरचा पंप एकमेकांना जोडायचा, मुलं खेळणार, पाणी वर टाकीत चढणार, टाकीच्या बाजूंना जाहिराती लावायच्या आणि त्या पैशातून दुरुस्ती. ऐकायला इतकं गोड की नाही म्हणायची सोयच नाही. २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरच्या मदतीची घोषणा झाली, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे, १ कोटी लोकांना पाणी. म्हणजे एका पंपावर २,५०० माणसं. आता आपण पाकिटाच्या मागे मावेल एवढाच हिशोब करू. माणशी दिवसाला निदान १५ लिटर धरलं, तर २,५०० गुणिले १५, झाले ३७,५०० लिटर. पंप बनवणाऱ्यांचाच दावा तासाला १,४०० लिटरचा. भागून बघा, जवळजवळ २७ तास येतात. दिवसात तास किती ते माहितीच आहे! २००९ मध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्राने हे छापलं तेव्हा बऱ्याच लोकांना पहिल्यांदा जाणवलं.

अजून एक पायरी खाली जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. तो १,४०० लिटरचा दावा ४० मीटर खोलीचा होता. १,४०० किलो पाणी तासाभरात ४० मीटर वर उचलायला सुमारे १५० वॉट ताकद सलग लागते, घर्षण वगैरे धरलं तर त्याहून जास्त. धडधाकट मोठा माणूस तासन्‌तास काम करताना साधारण ७५ वॉट देऊ शकतो. म्हणजे ते चक्र 'खेळणं' नव्हतंच, भार नसलेलं चक्र एकदा ढकललं की फिरत राहतं म्हणून मजा येते, इथे ढकलणं थांबवलं की चक्र थांबायचं. मुलं कंटाळली आणि शेवटी ते चक्र वाकून हाताने गोल फिरवायचं काम कोणाकडे आलं असेल? बायकांकडे. आधी साधा हापसा होता तो काढून हे बसवलेलं, किंमत साध्या हापशाच्या कितीतरी पट, बिघडला तर गावात कोणाला उघडता येत नाही, आणि जाहिराती द्यायला कंपन्या अशा आडगावात येणार कशाला. काही वर्षांत कार्यक्रम गुंडाळावा लागला. हेतू शंभर टक्के चांगला होता हे मी परत सांगतो, कारण आपल्याकडे चुकलेल्या डिझाईनमागे लगेच कोणाचा तरी खिसा शोधायची सवय आहे. इथे पाणी भरणाऱ्या बाईला 'तुला काय हवंय' हे विचारायचं राहिलं आणि एक भागाकार करायचा राहिला.

याच्या शेजारी इंडिया मार्क टू हापसा ठेवून बघा. आधी खेड्यांत बसवलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापराचे, त्यांच्यावर अख्खं गाव पाणी भरायला लागलं की तुटायचे. सोलापूरला एका संस्थेच्या वर्कशॉपमध्ये स्टीलचा, साखळीवर चालणारा दणकट पंप तयार झाला आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यावरून मार्क टू आला. पेटंटचं कुलूप नाही, माप सगळीकडे एक, कुठलाही कारखाना बनवू शकतो, म्हणून तो जगभर गेला. पण त्यातही एक अडचण होती, खालचा भाग दुरुस्त करायचा तर सगळे पाईप वर ओढावे लागायचे, त्याला जड सामान, गाडी आणि चार-पाच माणसांची टोळी हवी, ती टोळी तालुक्याहून येणार तेव्हा येणार. म्हणून पुढे मार्क थ्री आला, त्यात पाईप जास्त रुंद, म्हणजे पिस्टन आणि खालचा व्हॉल्व्ह पाईप न काढताच वर खेचता येतो, थोड्या हत्यारांत गावातलीच दोन माणसं काम करतात, आणि काही भागांत बायकांनी मेकॅनिकचं ट्रेनिंग घेऊन हे काम केलं. पाईप महाग पडतो हे खरं. पण बघा ना, पाईपचा व्यास वाढवला आणि दुरुस्ती कोणाच्या हातात आहे तेच बदललं. मला समन्यायाचं इंजिनिअरिंग म्हणजे काय हे कोणी विचारलं तर मी तो पाईप दाखवेन.

आता जरा कंटाळवाणा पण सगळ्यात घातक आकडा, फायदा भागिले खर्च. समजा नदीला पूर येतो आणि पूरभिंत एकाच वस्तीसमोर बांधण्याइतके पैसे आहेत. पहिल्या वस्तीत १०० घरं, प्रत्येकाची किंमत १० युनिट. दुसरीत ४०० घरं, प्रत्येकाची किंमत २ युनिट. वाचलेली मालमत्ता हाच फायदा धरला तर पहिलीत १,००० आणि दुसरीत ८००, भिंत पहिलीसमोर. चौपट माणसं पाण्यात, आणि शीटमध्ये कुठेही चूक नाही. वर आणखी एक, एका काठाला भिंत घातली की पाणी समोरच्या काठावर आणि खालच्या अंगाला जास्त चढू शकतं, म्हणजे दुसऱ्या वस्तीला भिंत मिळाली नाही ती नाहीच, वर पाणी पण वाढलं. रस्त्यांच्या प्रकल्पात हेच वेळेच्या किमतीतून होतं, वाचलेल्या तासाची किंमत पगारावरून लावली तर साहेबाचे दहा मिनिटं मोलकरणीच्या तासाभराला भारी पडतात. यावर उपाय नाहीत असं नाही, ब्रिटनमध्ये कामाव्यतिरिक्तच्या प्रवासाच्या वेळेला श्रीमंत-गरीब सगळ्यांना एकच दर लावतात, आणि तिथल्या ट्रेझरीच्या, म्हणजे अर्थखात्याच्या, मार्गदर्शिकेत गरिबाच्या पदरात पडणाऱ्या फायद्याला जास्त वजन द्यायची पद्धत पण आहे, उत्पन्न निम्मं असेल तर त्याचा फायदा जवळपास अडीचपट मोजायचा. अडीचच का, दोन का नाही, यावर भांडता येईल, जरूर भांडावं, फक्त वजन न लावणं म्हणजे तटस्थ राहणं असं समजू नये.

शाश्वततेच्या बाबतीत हाच उद्योग डिस्काउंट रेट करतो. भविष्यातलं नुकसान आजच्या किमतीत आणायला दरवर्षी थोडं थोडं कमी करत जातात, बँकेच्या चक्रवाढ व्याजाचा उलटा हिशोब. आता १०० वर्षांनी १०० युनिटचं नुकसान होणार आहे समजा. ७ टक्के रेट लावला तर आज त्याची किंमत येते ०.१२ युनिट. ३ टक्क्यांनी ५.२. आणि २००६ मध्ये ब्रिटनच्या निकोलस स्टर्न यांच्या हवामान अहवालात साधारण १.४ टक्के धरला होता, त्याने जवळपास २५. तेच नुकसान, तेच शतक, आणि उत्तर दोनशे पट इकडे-तिकडे! ७ टक्क्यांच्या शीटमध्ये पणतवंडांचं काहीही झालं तरी बेरजेत फरक दिसत नाही. त्यामुळे कोणी 'हा पर्याय आर्थिकदृष्ट्या परवडत नाही' म्हणालं की आधी रेट विचारायचा, मग वाद घालायचा.

हद्दीचा मुद्दा सिमेंटवरून पटकन कळतो. इमारत वापरताना वीज किती खाते हे सगळे मोजतात, पण ती बांधतानाच किती कार्बन गेला हे हद्दीबाहेर राहतं, आणि जगातला ७ ते ८ टक्के कार्बन डायऑक्साइड एकट्या सिमेंटमधून येतो. त्यातला निम्म्याहून जास्त तर इंधनाचा पण नाही, चुनखडी भाजली की तिच्यातूनच तो सुटतो, भट्टी सोलरवर चालवली तरी सुटणारच. म्हणून एलसीथ्री नावाच्या सिमेंटमध्ये निम्माच क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून मिळणारा सिमेंटचा मुख्य घटक, ठेवून बाकी भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी घालतात, कार्बन ३० ते ४० टक्क्यांनी उतरतो, आणि लागणारी माती साधीच, बऱ्याच गरीब देशांत मुबलक असणारी.

हद्द चुकल्यावर काय होतं याचं सगळ्यात दुःखद उदाहरण बांगलादेशचं. तळ्यांच्या पाण्यातून जुलाब, कॉलरा, लहान मुलं दगावायची, म्हणून १९७० च्या दशकापासून ट्यूबवेल खोदायचा मोठा कार्यक्रम झाला, पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने लाखो खोदल्या. पाणी जंतूंसाठी तपासलं जायचं, आर्सेनिकसाठी नाही, कारण तेव्हाच्या नेहमीच्या तपासणीत ते नव्हतंच. १९९३ मध्ये विहिरींत आर्सेनिक असल्याचं नक्की झालं, २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात ३.५ ते ७.७ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज छापून आला आणि एखाद्या लोकसंख्येला झालेली इतिहासातली सर्वात मोठी विषबाधा असं त्याचं वर्णन झालं. मग विहिरी तपासून दूषित असेल त्या हापशाला लाल रंग, चांगल्याला हिरवा. लाल विहीर घरासमोर असली तर हिरवीपर्यंत घागर घेऊन चालायचं कोणी हे सांगायला नको. खोल विहिरीत आर्सेनिक बहुतेक नसतं, पण ती महाग, सरकारने खोदून द्यायची, आणि २०१६ च्या एका मानवाधिकार अहवालात आलं की या विहिरी कुठे होणार हे बऱ्याचदा राजकीय वजनावर ठरत होतं, गरज तिसरीकडेच. जंतूंची अडचण सोडवली होती, पाणी पुढे मोजत राहायची आणि चांगल्या पाण्याच्या वाटपाची सोडवलीच नव्हती.

एक भ्रम मात्र काढायला हवा, समन्याय आणि शाश्वतता नेहमी हातात हात घालून चालतात हा. सोलर पंप घ्या. डिझेल गेलं, धूर गेला, छान. पण आता पाणी उपसायला पैसेच पडत नाहीत म्हटल्यावर दिवसभर पंप चालू, भूजल खाली, आणि आधी कोणाची विहीर आटते तर ज्याला खोल बोअर परवडत नाही त्याची. म्हणजे कार्बन वाचवताना पाणी गेलं आणि शेजारचा गरीब शेतकरी पण गेला. पंपाबरोबर उपशाला काहीतरी मर्यादा, किंवा न वापरलेली वीज ग्रीडला विकायची सोय, हे डिझाईनचाच भाग म्हणून यायला हवं, नंतरचं धोरण म्हणून नाही. उलट कोलंबियातल्या मेडेयीन शहरात दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी जमल्या, २००४ मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना केबल कारने थेट मेट्रोशी जोडलं, वीजेवर चालणारी, आणि ज्या उतारावर मोठा रस्ता काढायचा तर शेकडो घरं पाडावी लागली असती तिथे खांबांपुरतीच जागा लागली. (त्याच डोंगरावर वाहवा मिळालेली एक वाचनालयाची इमारत मात्र बांधकामातल्या दोषांमुळे काही वर्षांतच बंद करावी लागली. फोटोत दोन्ही भारीच दिसतात.)

मग रोजच्या कामात करायचं काय? मला वाटतं ब्रीफ, म्हणजे काय बनवायचं त्याचा कागद, हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात काही प्रश्न लिहून काढायचे: सरासरी कोणाची आहे आणि तिच्यापासून सगळ्यात लांब कोण आहे, फायदा ज्याला तो खर्च आणि त्रास पण त्यालाच आहे का, बंद पडलं तर कोण उघडणार, आयुष्य संपल्यावर भंगार कोणाच्या दारात. लोकांना विचारायचं, पण तिथेही मेख आहे, दुपारी दोनची मीटिंग ठेवली तर रोजंदारीवाला येणार नाही, आली तरी बाई चारचौघांत बोलेलच असं नाही, मग 'लोकसहभाग झाला' असा शिक्का मारून आपण त्याच दहा पुढाऱ्यांचं मत घेऊन येतो. घरी जाऊन, काम करताना बघून, वेगळं बसवून विचारावं लागतं. वेळ जातो, हो. पण ड्रॉइंगवरची रेष खोडणं आणि ओतलेलं काँक्रीट फोडणं यातला खर्चाचा फरक कुठल्याही साईट इंजिनिअरला विचारा.

शेवटचं, दुरुस्ती. उद्घाटनाला फंड मिळतो, वॉशरला मिळत नाही, हे जगात सगळीकडे सारखंच. केनियात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हापशाच्या दांड्यात छोटा सेन्सर बसवून बघितला, दांडा हलतोय की नाही हे मोबाईल नेटवर्कवरून कळवणारा, मोबाईलमध्ये स्क्रीन आडवी-उभी करणारा जो भाग असतो त्याच जातीचा. दांडा गप्प पडला की मेकॅनिकची टीम निघायची, आणि आधी जो पंप जवळपास महिनाभर बंद पडून राहायचा तो तीन दिवसांच्या आत चालू व्हायला लागला. लोक पण अशा सेवेला थोडे पैसे द्यायला तयार झाले, चालू पंपाचे द्यायचे असतील तर. वापरणाऱ्यांच्या पैशातून सगळा खर्च मात्र निघत नाही, उरलेला एका फंडातून भरावा लागतो, आणि तो फंड कायम कोण भरणार हा प्रश्न तिथे अजून चालूच आहे.